दारात थांबणारे बाबा

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम दरवर्षी एक बैठक घेतात. पार्किन्सनच्या आजारावर नुकतंच काम सुरू केलेल्या मुलामुलींनी एकत्र जमायचं, प्रत्येकाने थोडक्यात आपलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी न लाजता प्रश्न विचारायचे. मोठ्या शास्त्रज्ञांना बोलवायचं नाही, कारण ते आले की आम्ही गप्प बसतो. यंदा मॅडमनी त्यात एक भर घातली. म्हणाल्या, "आपलंच आपल्याला किती वर्षं सांगायचं? या वेळी ऐकायला पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं हवीत. आणि पुण्यात नको. नागपूरच्या, संभाजीनगरच्या मुलांनाही बरं पडेल असं गाव सुचवा."

कुणी काही सुचवेना. मी हात वर केला, पण कोपरापर्यंतच. शाळेतही माझा हात असाच वर जायचा. गुरुजींना दिसला तर दिसला.

"आमच्याकडे होऊ शकेल," मी म्हणाले. "देऊळगाव राजाला. जालना स्टेशन जवळ आहे."

"तिथे पेशंट येतील?" एकाने विचारलं.

"एक तर येतील. माझे बाबा."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. वर्ष होऊन गेलं, मी त्याच खोलीत काम करत होते, आणि माझ्या घरी हाच आजार आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं असं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुण्यात आल्यापासून मला वाटायचं, इथे आपण कामापुरतं बोलावं. घरचं काढलं तर लोक म्हणतील, ही दया मिळवून पुढे आली. मॅडमनी मात्र माझ्याकडे पाहून नेहमीच्याच आवाजात विचारलं, "तुमच्याकडे जेवायला काय असतं?"

"वरण-बट्टी. वांग्याची भाजी."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि गाव ठरलं.

आता बाबांचं सांगते. आमचं गाव देऊळगाव राजापासून थोडं आत. आमच्या भागात भाजीपाल्याच्या बियाण्याचं काम चालतं. शेतात हिरव्या जाळीचं शेडनेट उभारायचं, त्यात मिरची नाहीतर टोमॅटो लावायचा, आणि एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावायचा. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. चिमट्याने कळी उघडायची, तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा, कळी मोडू द्यायची नाही. मीही बारावीपर्यंत हे काम केलं. प्रयोगशाळेत मी ज्या माश्यांवर काम करते त्या बारीक ब्रशने उचलताना माझा हात हलत नाही तो त्यामुळेच असावा.

क्रॉसिंगच्या दिवसांत गावाचा एकच वैरी असतो, उडणारा किडा. बाहेरचा पराग अंगावर घेऊन एखादा किडा आत शिरला की बियाणं मिसळलं, आणि मिसळलेलं बियाणं कंपनी घेत नाही. म्हणून नेटला एकामागे एक दोन दारं असतात, आणि आत पिवळी चिकट कार्डं टांगलेली असतात. पिवळा रंग पाहून किडा येतो आणि गोंदाला चिकटतो.

बाबांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आधी हातातला चिमटा सुटला. जालन्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हात बराच थांबला. मग पाय अडायला लागले. चालता चालता दाराशी आले की बाबा थांबायचे. अंग पुढे जायला बघायचं आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे तिथेच. थोड्या वेळाने आपोआप सुटायचे. गंमत अशी की एकदा नेटमध्ये शिरले की ते कधी अडत नसत. मिरचीच्या वाफ्यांमधून, आडव्या टाकलेल्या ठिबकच्या नळ्या ओलांडत ते असे जायचे की पाहणाऱ्याला वाटावं, यांना काही झालेलंच नाही.

आणि पाहणाऱ्याला तसंच वाटलं. पाहणारे म्हणजे आमचे चुलतकाका. बाबांचे चुलत भाऊ, बरोबरीच्या वयाचे, एका पाटीवर शिकलेले. त्यांचं नेट आमच्या नेटला लागून आहे. ते आईला म्हणायचे, "वहिनी, हा नेटात हरणावानी पळते अन् घराच्या दारात बैलावानी अडते. याले घरात यायचं नाई, बाकी काही आजार नाई." आई हसायची. बाबाही हसायचे.

मग एका पुतण्याच्या लग्नात, देऊळगाव राजातल्या एका मंगल कार्यालयात, बाबा नेमके दारात अडले. आत मंगलाष्टकं सुरू झालेली, दार अरुंद, मागे माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी. काका मागून ओरडले, "अबे चाल ना! अक्षता टाकायले आला का टोलनाका लावायले?"

सगळे हसले. मी मागेच उभी होते. बाबाही हसले, पण त्यानंतर ते कोणत्याही लग्नाला गेले नाहीत. बारशाला नाही, साखरपुड्याला नाही, तेरवीला नाही. कुणी विचारलं की आई सांगायची, "नेटात काम आहे."

म्हणून त्यांनी या बैठकीला यावं असं मला फार वाटत होतं. माझं भाषण काही खास होणार नव्हतं. बाबांनी चार माणसांत येऊन बसावं, एवढंच.

फोनवर विचारलं तर म्हणाले, "मी काय करू तिथी? तुमचं सगळं इंग्रजी."

"मराठीत आहे, बाबा."

"मंग पुण्याची मराठी."

"मी बोलणार आहे."

यावर त्यांनी विचारलं, "कुठी आहे?"

"कॉलेजच्या हॉलमध्ये."

"त्याचं दार मोठं आहे," ते म्हणाले.

म्हणजे येणार. मी फोन ठेवला आणि खूप वेळ खूश होते. मग कॉलेजात परीक्षा लागल्या, हॉल मिळेना, आणि धावपळ करून जी जागा मिळाली ती नेमकी तेच मंगल कार्यालय. मी घरी कळवलं, आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "बाबा नाई म्हणतात. नेटात काम आहे म्हणतात."

बैठकीच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले. सोबत नागपूरची एक ताई होती. ती फिजिओथेरपी शिकलेली, आणि आता पार्किन्सनच्या पेशंटच्या चालण्यावर पीएचडी करणारी. बाकीचे लॉजवर उतरले. ताई म्हणाली, "लॉजमध्ये मला झोप येत नाही, मी तुझ्याकडे येते." आमच्या घरी झोप येईल की नाही याची मला काळजी होती, पण नाही म्हणता आलं नाही. आणि माझ्या मांडीवर सबंध प्रवासभर एक डबा होता. त्यात माश्या होत्या.

पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावते ना, ती बारीक फळमाशी. काचेच्या नळीत ठेवून नळीला टिचकी मारली की सगळ्या माश्या तळाला पडतात आणि लगेच भिंतीवरून वर चढायला लागतात. ही चढायची ओढ त्यांच्यात उपजतच असते. ज्या माशीच्या मेंदूत पार्किन्सनसारखा बिघाड असतो ती हळू चढते, मध्येच थांबते. कोणती माशी किती चढली हे बघत बसणं, हे माझं संशोधन. आजारी माश्या प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाहीत, म्हणून मॅडमनी साध्याच दिल्या होत्या. एका नळीत तरण्या, एका नळीत म्हाताऱ्या. म्हाताऱ्याही हळूच चढतात. तेवढ्यावरून लोकांना कल्पना आली असती.

बाबांनी डबा पाहिला आणि मागे सरले. "क्रॉसिंगच्या दिवसांत घरात माश्या? पोरी, हेच शिकवलं काय तुले पुण्याले?"

"बंद आहेत, बाबा. वर कापसाचा बोळा आहे."

"बोळा!" बाबा ताईकडे पाहून म्हणाले. "आम्ही दोन दोन दारं लावतो, अन् ही बोळा लावते."

मी टिचकी मारून दाखवली. बाबा नळीला नाक टेकवून बघत राहिले. तरण्या सरसर वर गेल्या. म्हाताऱ्या रेंगाळल्या, एक तर निम्म्यावर बसूनच राहिली.

"मी कोणत्या नळीतला?"

"तुम्ही वेगळ्या नळीतले. ती नळी पुण्याला आहे."

"ऐकलं काय," बाबा आईला म्हणाले. "मी पुण्याले आहे. मंग तू इथी पोळ्या कोणाले वाढून राह्यली?"

"जो कोणी बसला असन त्याले म्हणा, हात धुवून घ्या," आई म्हणाली.

जेवताना मी पुन्हा विचारलं, उद्या येता ना. बाबांनी पोळीचा तुकडा मोडला. "नेटात काम आहे," ते मलाही म्हणाले.

सकाळी उठले तर डबा उघडा. नळ्या रिकाम्या. आणि ओसरीवर, दोरीला, एक पिवळं चिकट कार्ड टांगलेलं. त्यावर माझ्या सगळ्या माश्या. तरण्या, म्हाताऱ्या, शेजारी शेजारी.

बाबा खाटेवर बसून होते. त्यांना सकाळी एकदा पुन्हा टिचकी मारून बघायची होती. गोळी अजून घ्यायची होती, हात ऐकेना. टिचकीऐवजी धक्का बसला, नळी पडली, बोळा निघाला. ती धरायला गेले तर दुसरीही पडली. माश्या घरभर झाल्या आणि नेट तर घराला लागूनच. बाबांनी पटापट दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि नेटमधलं असतं तसं एक कोरं कार्ड घरात टांगलं. सगळ्या चिकटल्यावर ते ओसरीवर आणलं.

"सगळ्या धरल्या," ते मला म्हणाले. "एक बी नेटात गेली नाई. आता तू चिमट्यानं काढ अन् भर नळीत."

त्यांना खरोखर तसं वाटत होतं. जन्मभर त्यांनी कार्ड किडा मारायला टांगलं. आज पहिल्यांदा मुलीच्या माश्या सांभाळायला टांगलं होतं. मी कार्ड हातात घेतलं. एक माशी अजून पाय हलवत होती. 

"गोंदातून निघाली काय कधी माशी?" आई आतून म्हणाली. "एवढे वर्षं कार्डं लावून राह्यले, तुमाले समजत नाई काय?"

तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. ते कार्डाकडे पाहू लागले, मग माझ्याकडे. "तुह्यं नुकसान केलं मी," ते हळूच म्हणाले.

माझं पहिलंच भाषण आणि दाखवायला काही नाही. मला रडूच येत होतं. तेवढ्यात ताई तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली. तिने कार्ड पाहिलं, काय झालं ते ऐकलं, आणि इतकी हसली की पेस्ट अंगणात उडाली. मग मलाही हसू आलं. आईलाही आलं. बाबा मात्र हसले नाहीत.

"सांग, काय भरून देऊ?"

"काही नको, बाबा. तुम्ही चला."

"तिथी?"

"तिथी."

बाबांनी खाली पडलेला बोळा उचलला. मग म्हणाले, "दार तेच आहे ना."

"कोणतं दार?" ताईने विचारलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. नेटमध्ये चालणं, घराच्या दारात थांबणं, ते लग्न, ते हसणं. मला हे घरगुती बोलणं वाटत होतं. ताईचं हसणं थांबलं. तिने खळखळून चूळ भरली आणि म्हणाली, "काका, मला तुमचं नेट दाखवता का?"

घराच्या दारात बाबा अडले. ताईने हात धरून ओढलं नाही, चला चला म्हटलं नाही. शेजारी उभी राहून मिरचीचा भाव विचारत राहिली. पाय सुटले. नेटमध्ये गेल्यावर ती त्यांच्या मागून चालायला लागली. नळ्यांवरून बाबा झपाझप गेले. मग तिने त्यांना कडेच्या मोकळ्या वाटेने यायला सांगितलं. तिथे नळ्या नव्हत्या. बाबांची पावलं बारीक झाली, घासायला लागली. पुन्हा नळ्यांमधून. पुन्हा झपाझप.

"काका, पाऊल टाकताना इथे कुठे बघता?"

"नळीकडं. पाय पडला की नळी फुटते ना."

ताईने टाळीच वाजवली. "अगं, हाच तर माझा विषय आहे!" ती मला म्हणाली. "इतके दिवस तू बोलली का नाहीस?"

तिने बाबांना समजावून सांगितलं, आणि मीही पहिल्यांदाच नीट समजून घेतलं. माझं सगळं लक्ष माशीच्या मेंदूत. माणसाच्या पावलाबद्दल मी फारसं वाचलंच नव्हतं. एरवी आपण चालतो ते आपोआप चालतो, एकेका पावलाचा विचार करत नाही. या आजारात ते आपोआप होणं बिघडतं. पण समोर आडवी रेघ दिसली, काहीतरी ओलांडायचं आहे असं दिसलं, की पाऊल मुद्दाम टाकलं जातं. मुद्दाम टाकायची मेंदूतली वाट वेगळी असते, आणि ती बऱ्याच जणांची चांगली राहिलेली असते.

"सगळ्यांना याचा उपयोग होत नाही, आणि यानं आजार बरा होत नाही," तिने लगेच बजावलं. "पण तुम्हाला उपयोग होतोय, काका. नेटात तुम्ही चालता ते खरं, आणि दारात अडता तेही खरं. हे नाटक नाही."

"नाटक कोण म्हणते?" जाळीच्या पलीकडून आवाज आला. चुलतकाका त्यांच्या नेटमध्ये मिरची बघत उभे होते. "मी तर कधी म्हटलं नाई!"

"तू कान इकडं ठेवून मिरची पाहून राह्यला काय बे?" बाबा म्हणाले.

"मंग काय करू? तुमच्या घरात सकाळपासून सिनेमा चालू आहे. किती वाजता निघायचं? गाडी मी काढतो."

असं करत बाबांचं जाणं ठरलं. हो असं त्यांनी म्हटलंच नाही. आईने लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा काढून खाटेवर ठेवला आणि त्यांनी तो घातला.

ताई आणि मी आधी पुढे गेलो. तिच्या पिशवीत हिरव्या चिकटपट्टीचं रीळ होतं. प्रयोगाला लागतं म्हणून ती कायम जवळ ठेवते. कार्यालयाच्या दाराबाहेरून आत पहिल्या खुर्चीपर्यंत आम्ही पावलापावलाच्या अंतरावर आडव्या रेघा चिकटवल्या. आत स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नातला नवरानवरीचा सोफा तसाच होता, मागे प्लॅस्टिकची फुलं. मॅडम त्या सोफ्यावर बसून प्रोजेक्टर लागायची वाट पाहत होत्या आणि शेजारच्या संभाजीनगरच्या मुलाला म्हणत होत्या, "जरा सरकून बस, लोक गैरसमज करून घेतील."

प्रोजेक्टर काही लागेना. त्या गडबडीत आम्ही असताना कार्यालयवाल्यांनी पाहिलं की पुण्या-नागपूरचे पाहुणे आलेत, आणि आपल्या गावाची शोभा राहावी म्हणून त्यांनी दाराबाहेरपासून स्टेजपर्यंत नवा लाल गालिचा अंथरला. आमच्या सगळ्या रेघांवरून. मी वळून पाहिलं तेव्हा काकांची गाडी दाराशी लागली होती.

बाबा दारापर्यंत आले. त्यांनी खाली पाहिलं. रेघा कुठेच नाहीत, नुसतं लाल. त्यांचे पाय थांबले.

त्यांच्या मागे आई, काका, आणि त्यांच्यामागे जालन्याकडून बैठकीला आलेले पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं. ताई धावली. गालिचा उचलायला गेली तर त्यावर माणसं उभी. मग तिने आपलं पाऊल बाबांच्या पुढे आडवं ठेवलं. "काका, ही नळी समजा. हिच्यावरून या."

"नाई," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"लेकीले ओलांडत नसतात."

आमच्याकडे माणसाला ओलांडून जात नाहीत. लहान मूल जमिनीवर झोपलेलं असलं तरी वळसा घालून जायचं. ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते म्हणतात. त्यात ही परक्या घरची मुलगी, त्यात पाहुणी. मी माझं पाऊल पुढे केलं. बाबांनी आणखी जोरात मान हलवली. मागे माणसं साचत होती. बाबांचे कान लाल झालेले मला दिसत होते. त्यांना आता परत गाडीत जाऊन बसायचं होतं हे मला कळत होतं, आणि वळणंही त्यांना जमत नव्हतं.

तेव्हा काका मागून पुढे घुसले. मला वाटलं, आता हे पुन्हा तेच बोलणार. काकांनी पायातली चप्पल काढली, पॅन्ट जरा वर ओढली, आणि आपला भेगा पडलेला पाय लाल गालिच्यावर आडवा ठेवला.

"घे. मले ओलांड."

"तुह्यी वाढ खुंटन," बाबा म्हणाले.

"अबे साठी आली! आता कोणती वाढ राह्यली माह्यी? अन् तुले लईच वाटत असन तर जाताना उलटा ओलांड. फिटून जाते."

बाबांनी काकांच्या पायाकडे पाहिलं. मग पाऊल उचललं आणि पलीकडे टाकलं. काकांनी झटकन पाय पुढे नेऊन पुन्हा आडवा ठेवला. बाबांनी तोही ओलांडला. असे ते दोघे दारातून आत आले, बाबा सरळ आणि काका खेकड्यासारखे आडवे. काका मध्येच मागे वळून लोकांना म्हणाले, "या, या. आज टोल माफ आहे!"

लोक हसले, आणि बाबाही हसले. त्या लग्नातलं त्यांचं हसणं मला आठवत होतं. हे तसलं नव्हतं. खुर्चीत बसल्यावरही त्यांचे खांदे हलत होते.

ताईचं भाषण आधी झालं. तिने सगळ्यांदेखत गालिचा गुंडाळायला लावला आणि खालच्या हिरव्या रेघा दाखवल्या. जालन्याहून आलेल्या एका काकूंनी विचारलं, आमच्या ओसरीत अशा रेघा मारल्या तर चालतील का, आणि रांगोळीच्या चालतील का. ताई म्हणाली, रांगोळी पायाने पुसली जाईल आणि पाय घसरेल, त्यापेक्षा रंगाने मारा, आणि आधी एकदा आमच्यासारख्या कुणाला तरी चालणं दाखवा. मग कितीतरी जण आपापल्या घरातले अडण्याचे प्रसंग सांगू लागले. एकाचे वडील लिफ्टच्या दारात अडत, एकाची आई मोरीच्या उंबऱ्यापाशी.

मग माझी पाळी आली. स्टेजवर गेले आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य विसरले. मी ते कितीतरी दिवस घोकलं होतं, पुण्यात शोभेल अशा मराठीत. माझ्या हातात ते पिवळं कार्ड होतं. दुसरं काही दाखवायला नव्हतंच.

"या माश्या," मी म्हणाले, "या माश्या माह्या बाबांनी धरल्या."

समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या नेटमध्ये तसलीच कार्डं टांगलेली होती. हॉलमध्ये हशा पिकला. "पांढरी माशी आहे काय?" मिरचीवर पडणाऱ्या त्या किडीच्या काळजीने एका बाईने विचारलं. नाही, फळमाशी, मी म्हणाले, आणि मग पुढचं बोलणं सोपं झालं. टिचकी कशी मारतो, माशी कशी चढते, आजारी माशी कुठे थांबते, ते मी कार्डावर बोट ठेवून सांगितलं. मला अजून औषध-बिषध काही सापडलेलं नाही, तेही सांगितलं. माझं काम अजून बघण्याचंच आहे, पण नीट बघितल्याशिवाय पुढचं काही होत नाही, असं मी म्हणाले. 

समोरून एक हात वर झाला. कोपरापर्यंत नाही, पुरता वर, थरथरत. बाबांचा.

"तुह्यी आजारी माशी आहे ना पुण्याची," त्यांनी विचारलं. "तिच्या वाटेत रेघ मारली तर ती चढते काय?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम ताईकडे पाहत होत्या.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हणाले.

"माशीला ओलांड म्हणून सांगणार कोण?" ताई खालून म्हणाली.

"याले पाठवा," बाबांनी शेजारी बसलेल्या काकांकडे बोट केलं. "याचा पाय बरा आहे."

मॅडम इतक्या हसल्या की नवरानवरीच्या सोफ्याचा हात धरावा लागला. हसू आवरल्यावर मला म्हणाल्या, "परत गेल्यावर करून बघ. काही नाही झालं तर नाही झालं."

जेवणं झाली. वरण-बट्टीवर संभाजीनगरच्या मुलाने इतकं तूप घेतलं की आईने तिथेच त्याला भाचा करून टाकलं. निघायची वेळ झाली. गालिचा आता कडेला गुंडाळून ठेवलेला होता आणि दाराशी हिरव्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. बाबांनी त्या पाहिल्या, अंदाज घेतला. त्या रेघांवरून ते आरामात बाहेर गेले असते. पण ते दारात थांबले, आपल्या मनाने, आणि मागे वळून हाक मारली.

"इकडं ये बे!"

काका अजून पंगतीत होते. हातात बट्टीचा तुकडा. "काय झालं?"

"उलटा ओलांडायचा राह्यला ना."

"राहू दे. रेघा आहेत की आता."

"नाई. ये."

काका बट्टी तोंडात कोंबत आले, चप्पल काढली आणि दारात पाय आडवा ठेवला. बाहेर जायला थांबलेली माणसंही उभी राहून बघत होती. बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सावकाश पाऊल उचललं, ओलांडून बाहेर ठेवलं, मग दुसरं. बाहेरच्या उन्हात उभं राहून ते काकांना म्हणाले,

"फिटलं. आता वाढ किती वाढायचं ते."